चौथ्या पटावरून

आधी हे बुद्धिबळाचं घड्याळ बघा. एकाच पेटीत दोन तबकड्या, वर दोन खटके. चाल केली की आपला खटका दाबायचा, समोरच्याचा वेळ सुरू. ज्या हातानं मोहरा हलवला, त्याच हातानं. बाराच्या आकड्याजवळ लाल पाती दिसतेय? तो झेंडा. मिनिटकाटा त्याला हळूहळू वर उचलतो आणि तास भरला की झेंडा पडतो. ठरलेल्या चाली तोवर झाल्या नसतील तर हातात आलेला डावही जातो.

क्लबात नाव घातलं तेव्हा यातलं काहीच माहीत नव्हतं. घरी चाल परत घेता येते. इथे ज्या मोहऱ्याला हात लावला तोच हलवायचा, आणि प्रत्येक चाल कागदावर उतरवायची.

संघात जागा मिळाली ती चौथ्या, म्हणजे शेवटच्या पटावर. सगळ्यात तगडा खेळाडू पहिल्या पटावर, मग उतरत्या क्रमानं. रंग पटागणिक आलटून-पालटून. पहिल्याला पांढरी मोहरी आली की चौथ्याला काळी. मधून फिरतोय तो कर्णधार. ‘बरोबरी मागायला हरकत नाही’, एवढं तो सांगू शकतो. पटावर काय चाललंय याबद्दल मात्र अवाक्षर नाही. त्याच्या चेहऱ्यावरून काही कळतं का, ते आम्ही सगळ्यांनी बघून झालंय.

आणि हे पाकीट.

बैठकीची वेळ संपली आणि डाव निकाली निघाला नाही, तर तो तहकूब व्हायचा. ज्याची पाळी असेल त्यानं पुढची चाल पटावर करायची नाही. गुपचूप कागदावर लिहायची, पाकिटात घालून चिकटवायची. पाकिटावर मोहऱ्यांची स्थिती आणि दोघांनी वापरलेला वेळ. पाकीट पंचांकडे. आत काय आहे हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक; समोरच्याला सगळ्या शक्यता धरून चालावं लागायचं.

मग क्लबात पट मांडले जायचे. डाव माझा, चौथ्या पटावरचा, हत्ती आणि चार प्याद्यांचा रखडलेला शेवट. त्यावर डोकं खाजवत बसलेला पहिल्या पटावरचा पठ्ठ्या. ‘हत्ती प्याद्याच्या मागे ने.’ ‘अरे, आधी राजा मधे आण!’ कोणी दोन चाली करून दाखवायचा, दुसरा त्या खोडून काढायचा, तिसरा मोहरी पुन्हा पहिल्या जागी लावायचा. माझ्या मते क्लब म्हणजे हीच खोली. सामने होतात ते निमित्त.

१९९० च्या दशकात बुद्धिबळ खेळणारे संगणक तगडे झाले. तहकूब डावाची पुढची चाल यंत्रच सांगायला लागलं, म्हणून तहकुबी बंद होत गेली. लोक सामन्यापुरते यायला लागले, आमचा संघ खालच्या गटात गेला.

आता डिजिटल घड्याळ बहुतेक सामन्यांत प्रत्येक चालीला थोडे सेकंद वाढवून देतं, डाव एका बैठकीत संपतो. सोयीचं आहे, नाही कसं म्हणू? पण हे दोघं बघा. डाव कधीच संपलाय, सह्या झाल्यात, तरी पट पुन्हा मांडलाय. हरलेला जिंकलेल्यालाच विचारतोय, ‘इथे घोडा मारला असता तर?’