आधी मोजा, मग कार्ड निवडा

मित्रांनो, ग्राफिक्स कार्ड बदलायचं ठरवलेला माणूस बहुतेक वेळा दोन-तीन कार्डांची नावं घेऊनच येतो आणि विचारतो, यातलं कोणतं घेऊ? मी त्याला आधी विचारतो, गेम खेळताना घोडं नेमकं कुठे पेंड खातंय हे पाहिलंस का? ते न पाहता घेतलेलं कार्ड कितीही चांगलं असलं तरी पैसे फुकट जाऊ शकतात. आणि हे पैसे सहसा बऱ्याच दिवसांच्या बचतीचे असतात. त्यामुळे आज कार्डांची क्रमवारी लावण्यापेक्षा आपल्या मशीनकडूनच उत्तर कसं काढून घ्यायचं, यावर बोलू या.

पडद्यावर दिसणारी प्रत्येक फ्रेम, म्हणजे हलत्या दृश्यातलं एकेक चित्र, दोन हातांखालून जाते. कोण कुठे उभा आहे, गोळी कुठे लागली, काय काय काढायचं आहे, हे सगळं प्रोसेसर ठरवतो. तो तशी आज्ञा देतो आणि कार्ड चित्र रंगवतं. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात, १४४ हव्या असतील तर जेमतेम ७. आता समजा तुमच्या प्रोसेसरला एका फ्रेमची तयारी करायलाच १२ मिलिसेकंद लागतात. मग ८३ फ्रेमच्या वर तुम्ही जाऊच शकत नाही, कार्ड कोणतंही बसवा. अशा मशीनला महागडं कार्ड लावणं म्हणजे रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

हे तपासायला एक पैसा लागत नाही. तुम्ही खरोखर खेळता तोच गेम उघडा. व्ही-सिंक (फ्रेमचा वेग मॉनिटरच्या वेगाला बांधणारी सेटिंग) आणि फ्रेमवरची मर्यादा बंद करा. गर्दीची, धावपळीची एखादी जागा निवडा आणि फ्रेमचा आकडा लिहून ठेवा. मग बाकी काहीही न बदलता फक्त रिझोल्यूशन, म्हणजे चित्रातल्या पिक्सेलची संख्या, खाली आणा आणि त्याच जागी पुन्हा मोजा. आकडा चांगला वर गेला तर कार्डच कमी पडत होतं, खुशाल नवीन घ्या. आकडा जागचा हलला नाही तर अडचण प्रोसेसरची किंवा रॅमची आहे. रॅमची एकच पट्टी लावलेली असेल तर दुसरी लावून आधी बघा, कधीकधी तेवढ्यानेही फरक पडतो.

इथे एक गोष्ट पुष्कळ जणांना फसवते. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वापर ४० टक्के दिसतो आणि माणूस म्हणतो, प्रोसेसर तर निवांत आहे. पण तो आकडा सगळ्या थ्रेडची, म्हणजे प्रोसेसरमध्ये एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या रांगांची, सरासरी असतो. बारा थ्रेडच्या प्रोसेसरमध्ये एक थ्रेड पूर्ण भरला तरी एकूण आकड्यात त्याचे ८ टक्केच दिसतात, आणि गेमचं मुख्य काम बऱ्याचदा त्या एकाच थ्रेडवर अडलेलं असतं. म्हणून उलट बाजूने बघा. कार्डाचा वापर सतत ९५ टक्क्यांच्या वर असेल तर कार्ड पूर्ण राबतंय. तो ६०-७० वर रेंगाळत असेल तर कार्डाला वरून कामच वेळेवर मिळत नाही.

कार्डच कमी पडतंय हे नक्की झालं, की मॉनिटरकडे वळा. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात. २५६० बाय १४४० वर ३६.९ लाख, आणि फोरकेवर ८२.९ लाख, म्हणजे पहिल्याच्या बरोबर चौपट. तुमचा मॉनिटर १०८० चा आणि ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणारा, असेल तर सेकंदाला ६० च्या वरच्या फ्रेम तो पूर्ण दाखवूच शकत नाही. अशा पडद्यासाठी सर्वांत वरच्या श्रेणीचं कार्ड म्हणजे नाकापेक्षा मोती जड. माझं स्पष्ट मत आहे की अशा वेळी मधल्या श्रेणीचं कार्ड घ्यावं आणि उरलेल्या पैशांत मॉनिटर बदलावा. रोजच्या खेळण्यात तो बदल जास्त जाणवतो.

आता मेमरीविषयी थोडं सविस्तर बोलतो, कारण फसगत सर्वांत जास्त इथेच होते. कार्डावरची मेमरी, म्हणजे व्हीरॅम, भरून वाहिली की उरलेला माल कॉम्प्युटरच्या साध्या रॅममध्ये जातो आणि कार्ड आणि मदरबोर्ड यांना जोडणाऱ्या पीसीआय एक्सप्रेसच्या वाटेने ये-जा करू लागतो. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०६० चं उदाहरण घ्या. त्याच्या स्वतःच्या ८ जीबी मेमरीचा वेग सेकंदाला २७२ जीबी आहे. हे कार्ड मदरबोर्डाशी त्या वाटेच्या आठच लेनने, म्हणजे पदरांनी, बोलतं. पीसीआय एक्सप्रेसच्या चौथ्या पिढीच्या बोर्डावर त्या आठ लेनमधून सेकंदाला सुमारे १६ जीबी जातात, आणि तुमचा बोर्ड तिसऱ्या पिढीचा असेल तर निम्मेच, ८. म्हणजे मेमरी पुरली नाही की कुठे २७२ आणि कुठे ८! चालता चालता गेम क्षणभर थिजतो तो इथे. सरासरी एफपीएसच्या (सेकंदाला किती फ्रेम) आकड्यात हे नीट दिसत नाही. त्यासाठी चाचण्यांमध्ये दिलेला ‘वन पर्सेंट लो’ बघा, म्हणजे सर्वांत मंद एक टक्का फ्रेमच्या वेळचा वेग. आणि काही गेम थिजतही नाहीत, ते गुपचूप टेक्श्चर, म्हणजे वस्तूंवर चढवलेलं पृष्ठभागाचं चित्र, हलक्या प्रतीचं करून टाकतात. फ्रेमचा आकडा छान दिसतो आणि भिंतीवरची वीट मात्र चिखलासारखी दिसते.

टेक्श्चरची सेटिंग वर नेल्याने कार्डाच्या गणनशक्तीवर फारसा ताण येत नाही, मेमरी मात्र खर्च होते. दृश्य सुधारण्याचा हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे, अर्थात मेमरी असेल तर. म्हणून दोन कार्डांत वेग दहा-पंधरा टक्क्यांनी मागेपुढे असेल आणि एकावर ८ जीबी, दुसऱ्यावर १२ किंवा १६ जीबी असेल, तर चार-पाच वर्षं कार्ड वापरायचा विचार असलेल्याने जास्त मेमरीवालं घ्यावं असं मी आग्रहाने सांगेन. फक्त जुने आणि हलकेफुलके गेम खेळणाऱ्याला ८ जीबी पुरतात, त्याने उगाच घाबरू नये.

नावावर मात्र जाऊ नका. २०१६ च्या जीटीएक्स १०६० मध्ये ६ जीबी आणि ३ जीबी असे दोन प्रकार होते. वाटायचं की फरक मेमरीपुरताच आहे, पण मोठ्यात चित्राची गणना करणारे १,२८० कोअर होते आणि छोट्यात १,१५२. आरटीएक्स ३०६० चंही तसंच झालं. मूळ कार्ड १२ जीबीचं आणि त्याच्या मेमरीची वाट १९२ बिट रुंद, नंतर आलेलं ८ जीबीचं कार्ड १२८ बिटचं. डब्यावर नाव तेच! म्हणून चाचणी वाचताना, आपण घेणार तोच प्रकार तपासलेला आहे ना, ते पाहा.

चित्र लहान आकारात काढून मोठं करण्याचं तंत्र, म्हणजे डीएलएसएस, एफएसआर, एक्सईएसएस, हे उपयोगाचं आहे. १४४० च्या पडद्यावर क्वालिटी मोडमध्ये कार्ड आतून सुमारे १७०७ बाय ९६० चंच चित्र काढतं आणि तरी ते बघवतं. पण फ्रेम जनरेशनचे आकडे वेगळे ठेवा. त्यात मधल्या फ्रेम तयार करून घुसवलेल्या असतात. ३० च्या ६० झाल्या तरी माउस हलवल्यावर जाणवणारा प्रतिसाद ३० चाच राहतो, किंबहुना थोडा जडच होतो. कंपन्यांच्या तक्त्यांत हे आकडे शेजारी शेजारी मांडलेले असतात, तेव्हा खालची बारीक अक्षरं वाचा. रे ट्रेसिंगबद्दल, म्हणजे प्रकाशाच्या किरणांचा हिशेब करून सावल्या आणि प्रतिबिंबं काढण्याबद्दल, एवढंच सांगतो, की मधल्या श्रेणीत त्यासाठी जादा पैसे मोजू नका.

पॉवर सप्लायच्या बाबतीत मात्र हात आखडता घेऊ नका. मदरबोर्डाच्या स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात. सहा पिनच्या जोडणीतून आणखी ७५, आठ पिनच्या जोडणीतून १५०. आरटीएक्स ४०६० चं ११५ वॉटवर भागतं, ३०६० ला १७० लागतात आणि आरटीएक्स ४०९० ला ४५०. शिवाय कार्ड क्षणभरासाठी ठरलेल्यापेक्षा बरीच जास्त वीज ओढतं, त्यामुळे काठावरचा पॉवर सप्लाय ऐन खेळात मशीन बंद पाडतो. दोन आठ पिनांच्या जागा असतील तर दोन स्वतंत्र केबल लावा. केबल सुट्ट्या होणाऱ्या पॉवर सप्लायमध्ये दुसऱ्या मॉडेलची केबल कधीही वापरू नका. कार्डाकडचं टोक सारखं असलं तरी पॉवर सप्लायकडच्या पिनांची मांडणी प्रत्येकाची निराळी असू शकते, आणि चुकीच्या पिनेतून वीज गेली तर महागातला भाग जळतो. नव्या सोळा पिनच्या जोडणीत प्लग शेवटपर्यंत आत गेलाय ना, हे उजेडात डोळ्यांनी पाहा. तो अर्धवट बसल्यामुळे वितळल्याच्या घटना घडलेल्या आहेत.

कॅबिनेटमधली जागाही टेप घेऊन मोजा, पुढचा पंखा आणि रेडिएटर धरून. मोठी कार्डं ३०० मिलिमीटरच्या पुढे जातात आणि तीन स्लॉटची जागा खातात. इंटेलचं आर्क कार्ड घ्यायचं असेल तर मदरबोर्डाच्या बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) रिसायझेबल बार, म्हणजे प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम खुली करणारी सोय, चालू करता येतं का ते आधी बघा, त्याशिवाय त्या कार्डाचा वेग बराच पडतो. जुन्या मशीनवाल्यांनी हे आवर्जून तपासावं.

वापरलेलं कार्ड घ्यायला माझी हरकत नाही, पण ते डोळ्यांसमोर अर्धा तास पूर्ण ताणावर चालवून घ्या. पडद्यावर ठिपके किंवा रेघा उमटतात का, पंख्याचा खरखराट येतो का, तापमान एका जागी स्थिरावतं का, हे पाहा. विकणारा चालवून दाखवायला तयार नसेल तर तिथून उठा.

आणि नवीन कार्ड जुन्याच्या निदान दीडपट वेगाचं नसेल तर थांबा. ५० फ्रेमच्या ६० झाल्या तर ते आकड्यात दिसतं, खेळताना आठवड्याभरात विसरायला होतं. तोवर सावल्या आणि धुक्याच्या सेटिंग एक पायरी खाली आणा. बऱ्याच गेममध्ये तेवढ्यानेच चांगल्या फ्रेम सुटतात.

कार्ड बसवल्यावर मॉनिटरची केबल कार्डालाच लावा, मदरबोर्डाच्या पोर्टला नको, नाहीतर चित्र प्रोसेसरमधल्या छोट्या ग्राफिक्सवरून येत राहतं. कार्डाची कंपनी बदलली असेल तर जुना ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, पूर्ण काढून टाका. मग विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन रिफ्रेश रेट, म्हणजे मॉनिटर किती हर्ट्झवर चालतोय, ते पाहा, १४४ हर्ट्झचा मॉनिटर कित्येकदा तिथे ६० वरच पडून असतो. एवढं झालं की मघाच्याच जागी, त्याच सेटिंगवर पुन्हा मोजा. अपेक्षेइतका फरक दिसला नाही, तर कार्ड परत करायची मुदत संपायच्या आत कारण शोधा. आता तुमचे प्रश्न घेऊ. प्रश्न विचारताना प्रोसेसर, मॉनिटर आणि पॉवर सप्लाय कोणता आहे ते आधी सांगा.