मैदानावरचा निषेध आणि पारावरचे पंच

श्रोतेहो, नमस्कार.

इंग्लंडमधील प्रीमियर लीगचा हंगाम ऑगस्टमध्ये सुरू होतो, तेव्हा आपल्याकडे कपाशीला डवरणी चालू असते. आणि तो मे महिन्यात संपतो, तेव्हा उन्हाने तापलेली शेते नांगरून पडलेली असतात. तिकडे दुपारी तीन वाजता सुरू होणारी मॅच आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला दिसते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इंग्लंडमधली घड्याळे एक तास मागे घेतली जातात आणि तीच मॅच साडेआठवर जाते. दिवसभर कापूस वेचून आलेल्या मुलांना ही वेळ अधिक सोयीची पडते, कारण तोवर जेवणे आटोपलेली असतात आणि एका मोबाइलभोवती पाच-सहा जणांना निवांत बसता येते. विदर्भाच्या खेड्यांत फुटबॉल कोण पाहतो, असे पुण्या-मुंबईकडचे लोक विचारतात, तेव्हा मला त्यांची गंमत वाटते. कामठीची फुटबॉलची परंपरा जुनी आहे, आणि नागपुरात क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ साली वस्त्यांमधल्या मुलांना घेऊन झोपडपट्टी फुटबॉल सुरू केले, हे आता देशाला माहीत आहे. त्या मानाने आमची खेडी उशिरा जागी झाली, परंतु वाद घालण्यात ती कोणालाही हार जाणार नाहीत.

हे वाद ऐकण्यासारखे असतात. आर्सेनलचा संघ २०२२-२३ पासून सलग तीन हंगाम दुसऱ्याच क्रमांकावर का थांबला. लिव्हरपूलने २०२४-२५ मध्ये विसावे विजेतेपद मिळवून मँचेस्टर युनायटेडशी बरोबरी केली, त्याचे श्रेय पहिल्याच वर्षी आलेल्या आर्ने स्लॉट यांना द्यायचे की जाताना तयार संघ मागे ठेवणाऱ्या युर्गन क्लॉप यांना. अशा प्रश्नांवर रात्रीचे बारा वाजतात. तथापि या चर्चेत एक विषय असा निघतो की एरवी एकमेकांची मते खोडून काढणारी मंडळी एकदम एका सुरात बोलू लागतात. एखाद्या खेळाडूने गुडघा टेकला, दंडाला पट्टा बांधला किंवा सदऱ्याखाली काही लिहून आणले, की कोणीतरी काकाजी म्हणतात, "खेयात राजकारन कायले आनता गा?" आणि बाकीचे माना डोलावतात. आज मला या मान डोलावण्याविषयीच बोलायचे आहे, कारण तिच्यात आपण वाटतो तेवढे निःपक्ष नसतो.

पहिले उदाहरण जुने आहे. १९९५ साली लिव्हरपूल बंदरातील सुमारे पाचशे गोदी कामगारांना कामावरून काढण्यात आले आणि त्यांचा लढा पुढे दोन वर्षांहून अधिक काळ चालला. २० मार्च १९९७ रोजी युरोपीय स्पर्धेतील एका सामन्यात लिव्हरपूलच्या रॉबी फाउलरने गोल केल्यावर आपला सदरा वर उचलला. आतल्या बनियनवर त्या कामगारांना पाठिंबा देणारा मजकूर होता. युरोपीय महासंघाने त्याला दंड केला. त्या गोलनंतर चारच दिवसांनी आर्सेनलविरुद्धच्या सामन्यात तो गोलकीपरसमोर पडला आणि पंचांनी पेनल्टी दिली, तेव्हा मला कोणी पाडलेले नाही, पेनल्टी देऊ नका, असे त्याने स्वतः पंचांना खुणावून सांगितले. पंचांनी निर्णय बदलला नाही, ही गोष्ट वेगळी. या दुसऱ्या कृतीसाठी त्याची जगभर वाहवा झाली. खोट्या पेनल्टीचा लाभ नको म्हणणारा आणि काढून टाकलेल्या कामगारांची बाजू घेणारा हा एकच एकवीस वर्षांचा मुलगा होता, आणि दोन्ही वेळा त्याला न्याय-अन्यायाविषयीच बोलायचे होते. पुलगाव आणि हिंगणघाटच्या कापड गिरण्या किंवा नागपूरची एम्प्रेस मिल ज्यांच्या घरात जेवण घालत होती, त्यांना फाउलरच्या बनियनावरचा मजकूर कोणी वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. अशा घरांतली माणसे माझ्या परिचयाची आहेत. फाउलरची हकिकत सांगितली की त्यांतला एकही जण खेळात राजकारण नको असे म्हणत नाही.

मार्कस रॅशफर्डची गोष्ट आपल्याला आणखी जवळची आहे. २०२० च्या उन्हाळ्यात करोनामुळे ब्रिटनमधील शाळा बंद होत्या आणि गरीब मुलांना शाळेतून मिळणारे मोफत जेवण सुट्टीत चालू ठेवायचे नाही, असे तिथल्या सरकारने ठरवले होते. मँचेस्टर युनायटेडकडून खेळणाऱ्या बावीस वर्षांच्या रॅशफर्डने १५ जूनला खासदारांना उद्देशून उघड पत्र लिहिले. लहानपणी तो स्वतः शाळेतल्या मोफत जेवणावर वाढला होता आणि त्याच्या आईने एकटीने राबून घर चालवले होते, हे त्याने त्यात लपवले नाही. दुसऱ्याच दिवशी सरकारने निर्णय फिरवला आणि सुमारे तेरा लाख मुलांच्या सुट्टीतल्या जेवणाची सोय झाली. ऑक्टोबरमध्ये त्याच मागणीचा ठराव संसदेत फेटाळला गेला आणि नोव्हेंबरमध्ये सरकारला पुन्हा माघार घ्यावी लागली. आपल्याकडे हा प्रश्न त्याआधीच सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. दुष्काळी भागांत उन्हाळ्याच्या सुट्टीतही मुलांना मध्यान्ह भोजन मिळाले पाहिजे, असा आदेश न्यायालयाने एप्रिल २००४ मध्ये दिला होता. ज्या आईने मे महिन्यात शाळेच्या खिचडीची वाट पाहिली आहे, तिला रॅशफर्डचे पत्र राजकारण वाटणार नाही. खरे पाहता ते शंभर टक्के राजकारण होते, आणि चांगले राजकारण होते. सरकारचा पैसा कशावर खर्च व्हावा, यापेक्षा अधिक राजकीय प्रश्न तो कोणता?

आता गुडघा टेकण्याकडे येऊ. त्याची सुरुवात ज्या खेळात झाली तो अमेरिकी फुटबॉल. त्यात चेंडू बहुतेक वेळ हातात असतो आणि आपल्याला तो पाहून फारसे काही उमगत नाही, म्हणून खेळाचा तपशील सोडून देतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या संघातील कॉलिन कॅपर्निक ऑगस्ट २०१६ मध्ये राष्ट्रगीताच्या वेळी बसून राहू लागला. कृष्णवर्णीयांवर होणाऱ्या पोलिसी अत्याचारांविरुद्ध त्याचा हा निषेध होता. पुढे नेट बॉयर या माजी सैनिकाशी त्याची भेट झाली आणि दोघांच्या बोलण्यातून बसण्याऐवजी गुडघा टेकण्याचा मार्ग निघाला. ज्या कृतीला सैनिकांचा अपमान म्हणून शिव्या बसल्या, ती एका सैनिकाच्या सल्ल्याने ठरली होती, हे पारावरच्या चर्चेत मी अनेकदा सांगतो आणि प्रत्येक वेळी कोणीतरी नव्याने चकित होते. मार्च २०१७ नंतर कॅपर्निकला एकाही संघाने घेतले नाही. त्या लीगशी त्याची तक्रार २०१९ मध्ये तडजोडीने मिटली, पण त्याचा खेळ मात्र संपला होता.

इंग्लंडमध्ये हाच गुडघा जून २०२० मध्ये आला, अमेरिकेत पोलिसाच्या हातून झालेल्या जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीयाच्या हत्येनंतर. पहिल्या दिवशी त्यात धक्का होता. हळूहळू तो मॅचपूर्वीचा विधी झाला, नाणेफेकीइतका सवयीचा. क्रिस्टल पॅलेसचा विल्फ्रेड झाहा, जो स्वतः कृष्णवर्णीय आहे आणि ज्याने भरपूर शिवीगाळ सोसली आहे, मार्च २०२१ मध्ये उभा राहिला. गुडघा टेकूनही शिवीगाळ थांबत नसेल तर तो टेकण्यात काय अर्थ, असा त्याचा प्रश्न होता. त्याच वर्षी ११ जुलैला युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात रॅशफर्ड, सँचो आणि साका यांच्या पेनल्टी हुकल्या आणि तिघांवरही वंशद्वेषी शिव्यांचा पाऊस पडला, तेव्हा झाहाचे म्हणणे किती नेमके होते ते कळले. मला स्वतःला झाहाची बाजू अधिक पटते. ज्या निषेधाने कोणाचेच काही बिघडत नाही, त्याला आयोजकही आनंदाने जागा करून देतात.

यासंदर्भात कतारमधील विश्वचषकातील एक दिवस पाहण्यासारखा आहे. २१ नोव्हेंबर २०२२. युरोपातील सात संघांच्या कर्णधारांनी समतेचा संदेश देणारा रंगीत दंडपट्टा बांधायचे ठरवले होते. फिफा या जागतिक फुटबॉल महासंघाने पिवळ्या कार्डाची तंबी दिली आणि सातही संघांनी त्या दिवशी माघार घेतली. त्याच दिवशी इंग्लंड आणि इराण समोरासमोर होते. इंग्लंडच्या खेळाडूंनी पट्ट्याविना गुडघा टेकला. इराणमध्ये महसा अमिनी या तरुणीच्या मृत्यूनंतर रस्त्यांवर आंदोलन पेटले होते, आणि त्या देशाचे अकरा खेळाडू आपले राष्ट्रगीत चालू असताना ओठ मिटून उभे राहिले. पुढच्या सामन्यात, वेल्सविरुद्ध, त्यांनी ते गायले. इराणविरुद्धचा तो सामना इंग्लंडने सहा विरुद्ध दोनने जिंकला, पण आमच्याकडे त्या रात्री गोलांची चर्चा फार वेळ चाललीच नाही. एका बाजूला पिवळ्या कार्डाचे भय आणि दुसऱ्या बाजूला घरी परतल्यावर काय होईल याचे भय, हे दोन्ही एकाच मैदानावर दिसत होते, आणि कोणाचे जड होते ते सांगायला फुटबॉलचे ज्ञान लागत नव्हते.

दूरच्या खेळाडूंविषयी आपण अशी उदार मते देतो. आपल्या माणसांची वेळ आली की मात्र आपली जीभ बदलते. भारताच्या फुटबॉल संघाचा तेव्हाचा कर्णधार बायचुंग भुतिया याने २००८ मध्ये तिबेटी जनतेविषयीच्या आस्थेपोटी बीजिंग ऑलिंपिकची मशाल हाती घेण्यास नकार दिला, हे आपल्यापैकी किती जणांच्या लक्षात आहे? त्याही आधी, १९२० मध्ये, मुंबईच्या चौरंगी क्रिकेट सामन्यांत हिंदू संघातून पळवणकर बाळू यांना वगळले गेले आणि कर्णधारपदाचा हक्क असलेल्या विठ्ठल यांना डावलले गेले, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या त्यांच्या भावांनी खेळण्यास नकार दिला होता. चर्मकार कुटुंबातील या भावांना मैदानावर गडी बाद करण्याची मुभा होती, पण चहा मात्र वेगळ्या पेल्यातून मिळत असे. १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले. त्या नकाराला आज आपण अभिमानाने इतिहास म्हणतो. तेव्हाच्या पारावरही कोणीतरी खेळात राजकारण नको असे म्हटलेच असेल.

आणि २०२३ तर कालचेच आहे. साक्षी मलिक, विनेश फोगाट आणि बजरंग पुनिया जंतरमंतरवर बसले. कुस्ती महासंघाच्या तत्कालीन अध्यक्षांवर महिला कुस्तीगिरांच्या लैंगिक छळाचे आरोप होते; अध्यक्षांनी ते नाकारले. २८ मे रोजी पोलिसांनी या कुस्तीगिरांना उचलून नेले आणि ३० मे रोजी ते आपली पदके गंगेत सोडण्यासाठी हरिद्वारला पोहोचले. शेतकरी नेत्यांनी समजूत घातल्यावर परतले. फेब्रुवारीत ज्यांच्या घरी कुस्तीच्या दंगलीची वर्गणी मागायला लोक येतात, अशी आमच्याकडची जाणती मंडळीही तेव्हा म्हणाली की या पोरींना कोणीतरी फूस लावली आहे. रॅशफर्डला कोणी फूस लावली, असे मात्र कोणीच विचारले नव्हते.

चाहत्यांनी वेगळे वागल्याचेही उदाहरण आहे, आणि ते कोलकात्याचे आहे. आर. जी. कर रुग्णालयातील तरुण डॉक्टरवरील बलात्कार आणि हत्येनंतर १८ ऑगस्ट २०२४ चा मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांचा ड्युरंड चषकातील सामना सुरक्षेच्या कारणाने रद्द झाला. शंभर वर्षे एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या दोन्ही संघांचे चाहते, आणि त्यांच्याबरोबर मोहमेडन स्पोर्टिंगचेही, त्या दिवशी सॉल्ट लेक मैदानाबाहेर एकत्र उभे राहिले आणि त्यांनी लाठ्या खाल्ल्या.

आता काकाजींच्या आक्षेपातला जो भाग वजनदार आहे, तोही मांडला पाहिजे. उद्या प्रत्येक जण सदरा वर करून काहीही सांगू लागला तर? हा प्रश्न खरा आहे. फुटबॉलच्या चौथ्या नियमात पोशाखावर राजकीय, धार्मिक किंवा वैयक्तिक घोषणा चालणार नाहीत असे म्हटले आहे, आणि एखाद्याने उद्या द्वेषाची घोषणा अंगावर मिरवली तर तिला अडवणारा नियम हाताशी हवाच. माझी तक्रार नियमाविषयी नसून तो वापरण्याच्या पद्धतीविषयी आहे. २०१६ मध्ये इंग्लंड आणि स्कॉटलंडने युद्धात पडलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ अफूच्या फुलाचे चिन्ह दंडावर लावले म्हणून फिफाने दंड केला आणि पुढच्याच वर्षी नियमाचा अर्थ सैल झाला. डिसेंबर २०१९ मध्ये मेसुत ओझिलने चीनमधील उइगूर मुसलमानांविषयी लिहिले, तेव्हा आर्सेनलने तातडीने हात झटकले आणि चीनच्या सरकारी वाहिनीने त्या संघाची मॅचच दाखवली नाही. त्याच क्लबने सहा महिन्यांनी गुडघा टेकण्यात उत्साहाने भाग घेतला. रशियाच्या संघांवर फेब्रुवारी २०२२ मध्ये बंदी घालणाऱ्या फिफाने नोव्हेंबरमध्ये कतारला जाणाऱ्या संघांना मात्र फुटबॉलवरच लक्ष ठेवा असे लिहिले. बाजार जिथे दुखावत नाही तिथे निषेध चालतो.

शेवटी आमच्या तालुक्यातील एक प्रसंग सांगतो. गेल्या हिवाळ्यात इथल्या एका स्पर्धेत मुलींच्या मॅचही ठेवल्या होत्या. मुलांच्या संघांना कपडे बदलायला शाळेची खोली होती आणि मुलींनी ट्रॉलीच्या आडोशाला ओढण्या धरून काम भागवले. मध्यंतरानंतर पंचांनी शिटी वाजवली, तेव्हा मध्यरेषेवरची मुलगी चेंडूला पायच लावीना. दोन्ही संघ जागच्या जागी उभे राहिले. पुन्हा शिटी झाली. आयोजकांपैकी एक जण संघ बाद करण्याची भाषा बोलला, आणि कडेला बसलेल्यांतून अपेक्षित आवाज आलाच, "ह्या खेयाले आल्या का राजकारन कराले?" अखेर शाळेची दुसरी खोली उघडण्यात आली आणि दिवस लहान असल्याने उरलेला खेळ घाईघाईने उरकला. पंचांनी कोणालाही कार्ड दाखवले नाही. ते दाखवायला हवे होते की नाही, यावर आमच्याकडे अजून वाद चालतो. खेळ पुन्हा सुरू करण्यास उशीर करणे हा नियमाप्रमाणे पिवळ्या कार्डाचा गुन्हा आहे, हे म्हणणाऱ्यांचे चुकत नाही. मात्र त्या संघाच्या कर्णधार मुलीला मी नंतर विचारले, तेव्हा ती म्हणाली की कार्ड आपल्यालाच मिळावे म्हणून चेंडूजवळ ती स्वतः उभी राहिली होती.

नमस्कार.