दुसऱ्याच्या कथेत शिरलेले पात्र

श्रोतेहो, नमस्कार. एका चित्रपटातील पात्र दुसऱ्या, स्वतंत्र चित्रपटात अवचित समोर आले की चित्रपटगृहात टाळ्या पडतात. ओळख पटण्याचा हा आनंद खरा आहे. परंतु ते पात्र तेथे कोणत्या कामासाठी आले, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण सामायिक कथाविश्वाचा कस तेथेच लागतो.

ही कल्पना जुनी आहे. युनिव्हर्सल कंपनीच्या १९४१ सालच्या 'द वुल्फ मॅन'मधील लॅरी टॅलबट हा शापित माणूस १९४३ मध्ये 'फ्रँकेन्स्टाइन मीट्स द वुल्फ मॅन' या चित्रपटात फ्रँकेन्स्टाइनच्या गावी पोहोचला. टॅलबटला मरण हवे आहे, आणि जीवन-मृत्यूचे रहस्य ज्या शास्त्रज्ञाला उमगले होते त्याच्या टिपणांत आपली सुटका सापडेल, या आशेने तो तेथे जातो. पुढच्याच वर्षी 'हाउस ऑफ फ्रँकेन्स्टाइन'मध्ये टॅलबट आणि फ्रँकेन्स्टाइनने घडवलेला राक्षस या दोघांच्या जोडीला ड्रॅक्युलाही आणला गेला. तो मात्र पूर्वार्धातच संपतो आणि त्या दोघांशी त्याची साधी गाठही पडत नाही.

या बाबतीत सर्वांत देखणे काम पोलिश दिग्दर्शक क्रिस्तॉफ किस्लोव्स्की यांनी १९९३-९४ मधील आपल्या तीन चित्रपटांत केले, असे मला वाटते. 'ब्लू'ची नायिका ज्युली दिवंगत पतीच्या प्रेयसीचा शोध घेत न्यायालयात येते आणि एका दालनाचे दार क्षणभर उघडते; आत कुणा अनोळखी माणसाचा घटस्फोटाचा खटला चाललेला असतो. 'व्हाइट'मध्ये आपण त्याच दालनात, त्या माणसाच्या बाजूला असतो, आणि दारात येऊन लगेच परतणारी ज्युली आपल्याला ओझरती दिसते. दोघे एकमेकांना ओळखत नाहीत, कोणी कोणाला मदत करत नाही, तरीही दोन्ही कथा एकाच शहरात, एकाच सकाळी श्वास घेत आहेत अशी खात्री पटते.

सुपरहिरोंचे चित्रपट काढणाऱ्या मार्व्हल कंपनीने २००८ च्या 'आयर्न मॅन'मध्ये श्रेयनामावलीनंतर निक फ्युरी या गुप्तचर प्रमुखाला आणले, तेव्हा त्याच्याकडेही काम होते: तो माणसे जमवत होता, आणि ती २०१२ च्या 'द ॲव्हेंजर्स'मध्ये खरोखरच जमली. पुढे मात्र अशी शेपटी जोडणे हा रिवाजच होऊन बसला, आणि आगामी चित्रपटाची वर्दी देण्यापलीकडे काहीच न करणारे पाहुणे वाढत गेले.

याउलट अमेरिकी गुन्हेकथाकार एल्मोर लेनर्ड यांच्या कादंबऱ्यांवरील दोन चित्रपट पाहावेत. 'जॅकी ब्राउन' १९९७ चा, 'आउट ऑफ साइट' १९९८ चा. दिग्दर्शक वेगळे, निर्मिती-कंपन्याही वेगळ्या, तरी तपास अधिकारी रे निकोलेट दोन्हींत आहे आणि दोन्हींत तो मायकेल कीटन यांनीच साकारला आहे. दुसऱ्या चित्रपटात तो मोजकी मिनिटे दिसतो, तोही नायिकेचा प्रियकर म्हणून, तिच्या वडिलांच्या घरी. छातीवर खात्याचे नाव मिरवणारा त्याचा टी-शर्ट पाहून वडील त्याला खोचक प्रश्न विचारतात आणि तो अवघडतो. 'जॅकी ब्राउन' न पाहिलेल्याला हा प्रसंग पुरेपूर कळतो. ज्याने पाहिला आहे त्याला हाच माणूस तेथे किती रुबाबात वावरत होता, हेही आठवते.