टँकरच्या तालुक्यातली पोरगी आणि पाण्याची उडी

नमस्कार मंडळी! आज जरा पळण्याबद्दल बोलूया. घाबरू नका, तुम्ही निवांत रेडिओ ऐकत बसा, पळणारी वेगळीच आहे. ललिता बाबर. सातारा जिल्ह्यात माण तालुक्यातलं मोही हे तिचं गाव, आता माण म्हटलं की आपल्याला पहिला टँकरच आठवतो, आणि गंमत बघा, या पोरीने नाव काढलं ते कुठल्या शर्यतीत, तर जिच्यात दर फेरीला पाण्यात उडी मारावी लागते!

स्टीपलचेस म्हणतात तिला. तीन हजार मीटर पळायचं, वाटेत २८ आडवे अडथळे आणि ७ वेळा पाणी. टीव्हीवर हर्डल्स बघतो ना आपण, त्यात पाय लागला की हर्डल पडतं, इथलं जाडजूड लाकूड जागचं हलत नाही, धडकलात तर तुम्हीच पडणार. पाण्यापाशी बऱ्याच जणी त्यावर पाय देऊन झेप घेतात, पलीकडचा खड्डा अडथळ्याजवळ खोल आणि पुढे उथळ होत जातो, म्हणजे उडी लांब तर पाणी कमी, आणि दमलेली बाई बरोब्बर खोलात जाते. वर ओले बूट घेऊन पुढचं अंतर आहेच.

ललिता आधी मॅरेथॉनवाली. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत हॅटट्रिक केलेली. लोक सहसा ट्रॅकवरून रस्त्यावर जातात, ही उलटी आली, तेही पंचविशीत. आणि त्याच वर्षी, २०१४ ला, कोरियातल्या इंचॉन एशियाडला मेडल! तिथेही काय झालं, बहरीनच्या रूथ जेबेटला आधी बाद केलं, मग ललिताला सिल्वर आणि आपल्याच सुधा सिंगला ब्राँझ, मग बहरीनचं अपील मान्य झालं आणि सगळं एकेक पायरी खाली. ललिता ब्राँझ, सुधा चौथी. मला विचाराल तर त्यात सुधासाठी जास्त वाईट वाटतं.

कोच होते बेलारूसचे निकोलाय स्नेसारेव, कडक माणूस. वेळ कशी उतरत गेली बघा, इंचॉनला ९ मिनिटं ३५.३७ सेकंद, २०१५ ला वुहानला एशियन चॅम्पियनशिपचं गोल्ड, त्याच वर्षी बीजिंगला वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या फायनलमध्ये आठवी, आणि २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकच्या हीटमध्ये, म्हणजे फायनलआधीच्या फेरीत, थेट ९:१९.७६. दोन वर्षांत पंधरा सेकंदांच्या वर! १९८४ ला पी. टी. उषा पळाली त्यानंतर ऑलिम्पिकमध्ये ट्रॅकवर रिले सोडून एकटीच्या शर्यतीची फायनल गाठणारी पहिली भारतीय बाई हीच, मधे ३२ वर्षं गेली.

फायनल १५ ऑगस्टला, आपल्याकडे संध्याकाळ, सकाळचं झेंडावंदन करून लोक टीव्हीसमोर. जेबेटच पुढे सुटली आणि गोल्ड घेऊन गेली. ललिता दहावी, ९:२२.७४. दुसऱ्या दिवशी "दहावीच आली" म्हणणारे भेटलेच, त्यांना मी एवढंच म्हणतो की अंगणात मांडीएवढा ओटा असेल तर पळत येऊन त्यावरून एकदा जाऊन दाखवा, पस्तीस वेळा नको.

तिची ती ९:१९.७६ सात वर्षं कुणा भारतीय बाईला हलली नाही. २०२३ ला बुडापेस्टला मेरठच्या पारुल चौधरीने ९:१५.३१ लावली तेव्हा कुठे ते भारतीय रेकॉर्ड गेलं, आणि तोवर आपली ललिता सरकारी अधिकारी होऊन कामाला लागली होती.