खांबाचा रकाना

नाशिकच्या सराफ बाजारामागची ही बोळ, आणि बोळीतला हा जुना वाडा. दिंडी दरवाजातून वाकून आत आलं की समोर चौक, आणि चौकात वरून उतरणारं ऊन.

हा सुरूचा खांब बघा, म्हणजे सुरूच्या झाडाच्या घाटाचा. खाली दगडी उथळं, वर महिरप, महिरपीला लोंबणारी केळफुलं. सगळं सागवान. केळफुलाची पाकळीन् पाकळी सुटी कोरलेली.

वाड्याची किंमत ठरवायला आलेले मूल्यांकनकार टेप लावतायत. ही ओसरी जुन्या भाषेत पाच खणांची; दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण. कागदावर मात्र चौरस मीटर.

आधी जमीन. रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने ठरवलेला दर आणि आसपासची अलीकडची खरेदीखतं. मग पूररेषा: निळी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. गोदाकाठच्या सरकारवाड्याच्या पायऱ्यांना पाणी लागलं की नाशिककर समजतात, गोदावरी चढली. निळ्या रेषेच्या आत बांधकामावर बंधनं, म्हणून भाव उतरतो. शेवटी इमारत. वयाप्रमाणे घसारा, म्हणजे झिजेची किंमत, कापत जायचा. आयुष्य संपलं की उरतं भंगारमूल्य, साधारण १० टक्के. या हिशेबात किंमत जमिनीची. खांब भंगारात.

गंगापूर रोडच्या आलिशान फ्लॅटला ही अडचण येत नाही. शेजारी तसाच फ्लॅट विकलेला असतो. मजला, पार्किंग, खिडकीतून दिसणारी हिरवळ, थोडं वरखाली केलं की भाव निघतो. या वाड्याला जोडच नाही. मग विचारायचं ते असं: हेच काम, याच लाकडात, अशाच हातांनी आज पुन्हा करायला किती लागेल? तेवढ्याच जागेची नवी इमारत बांधण्याचा खर्च हे त्याचं उत्तर नव्हे. वाड्याला हाच प्रश्न लावला पाहिजे, आणि त्यासाठी सोबत सुतार हवा.

हे सुतारकाका. तुळई ठोकतायत. ऐका. भरीव आवाज, लाकूड निरोगी. पोकळ वाजलं असतं तर आत वाळवी. आता सांध्यावर बोट ठेवतायत: खिळा नाही, लाकडात लाकूड बसवलंय. असा सांधा करणारे हात आता थोडे, आणि किंमत आहे ती त्या हातांची.

वाटण्या, पागडीचे जुने भाडेकरू, थकलेले वारस. असे कितीतरी वाडे उतरवले गेले, खांब वखारीत नगावर विकले गेले.

मूल्यांकनकारांच्या तक्त्यात खांबांना रकाना नव्हता. त्यांनी चौकाला एक फेरी मारली, मोजले, आणि शेऱ्यात लिहिलं: कोरीव सागवानी खांब, १२.