पाठभेद पुसू नका

श्रोतेहो, मध्ययुगीन मराठी ग्रंथांचा चिकित्सक अभ्यास कधी सुरू झाला, असे कुणी विचारले की आपण एकोणिसाव्या शतकाकडे बोट दाखवतो. छापखाने आले, हस्तलिखिते जमवण्याची ओढ लागली, 1869 मध्ये विष्णु परशुरामशास्त्री पंडितांनी शंकर पांडुरंग पंडितांच्या देखरेखीखाली संपादित केलेली तुकोबांची गाथा इंदुप्रकाश छापखान्यातून बाहेर पडली. हे सगळे खरेच. पण ‘हे वाक्य नेमके असेच होते का, आणि कुणाच्या सांगण्यावरून?’ हा प्रश्न मराठीत त्याच्या सहाशे वर्षे आधी विचारला गेला होता. आज मला बोलायचे आहे ते त्याबद्दल.

महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी उत्तरेला निघून गेल्यानंतर त्यांचे अनुयायी रिद्धपूरला, स्वामींचे गुरू गोविंदप्रभू यांच्या आश्रयाला आले. तिथे त्यांच्यापैकी म्हाइंभटांनी स्वामींच्या आठवणी गोळा करायला घेतल्या. बऱ्याच लीळा, म्हणजे स्वामींच्या आयुष्यातले प्रसंग, त्यांना स्वामींच्या मागे पंथाची धुरा वाहणाऱ्या नागदेवाचार्यांकडून मिळाल्या. तेवढ्यावर त्यांचे समाधान झाले नाही. त्या त्या प्रसंगी जे हजर होते त्यांना गाठून ते विचारत राहिले. ‘लीळाचरित्र’ उभे राहिले ते अशा साक्षींवर. त्याचे एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध वाचताना लक्षात येते की यात उपदेशाइतकीच जागा साध्या तपशिलाला आहे: स्वामी कुठे बसले, कुणी काय वाढले, कोण रुसले, शिष्या महदाइसेने काय विचारले. ऐकलेले जसेच्या तसे धरून ठेवायचे, हा त्यामागचा आग्रह आहे.

पुढे परंपरा सांगते त्याप्रमाणे चौदाव्या शतकाच्या सुरुवातीच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ ग्रंथ नाहीसा झाला. मग ज्यांना तो पाठ होता त्यांनी तो पुन्हा उभा केला. त्यात हिराइसेचे नाव आदराने घेतले जाते. तिच्या स्मरणातून आलेला तो ‘हिराइसापाठ’. साहजिकच एकाला एक आठवले, दुसऱ्याला दुसरे. इथे या मंडळींनी जे केले ते मला फार मोलाचे वाटते. त्यांनी भांडण मिटवून एक पाठ ठरवला आणि बाकीचे टाकून दिले, असे झाले नाही. वेगळा पाठ ‘वासना’ म्हणून शेजारी लिहून ठेवला. ग्रंथ पवित्र, त्यातला शब्द न् शब्द ईश्वराचा, अशी श्रद्धा असलेल्या माणसांनी ‘दुसरे असेही सांगतात’ हे पोथीत नोंदवावे, याला मोठे धैर्य लागते.

याच्या शेजारी एकनाथांचे काम ठेवून पाहा. शके 1506 मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. ग्रंथ मुळात शुद्धच, पण नकला होता होता बिघडला, अशी त्यांची भूमिका. आणि काम झाल्यावर त्यांनी दार लावून घेतले: ‘ज्ञानेश्वरीपाठीं । जो ओंवी करील मऱ्हाटी । तेणें अमृताचे ताटीं । जाण नरोटी ठेविली ॥’ नाथांचे उपकार केवढे आहेत हे मी सांगायला नको. त्यांनी हे केले नसते तर वारकऱ्यांच्या हातात एक स्थिर ग्रंथ आला नसता. पण त्यांनी कोणत्या प्रती समोर ठेवल्या, कुठे काय गाळले, हे आपल्याला दिसत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासकार वि. का. राजवाडे नाथपूर्व ज्ञानेश्वरीच्या शोधाला लागले आणि 1909 मध्ये त्यांनी जुन्या पोथीवरून आपली प्रत छापली, ती याच अस्वस्थतेतून. मूळ हवे, ही ओढ मला समजते. तरी मूळ एकच असते हे गृहीत धरूनच ती निघते.

महानुभावांकडे परत येऊ, कारण तिथे एक विलक्षण पेच आहे. पंथातले विद्वान केसोबास संस्कृतात लिहू लागले तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना अडवले. संस्कृताने माझ्या म्हाताऱ्या नागवल्या जातील, असा त्यांचा भाव होता. ज्ञान साध्या बायाबापड्यांच्या भाषेत राहावे म्हणून धरलेला हा हट्ट. आणि त्याच पंथाने पुढे आपले ग्रंथ सकळ लिपीत, सांकेतिक अक्षरांत झाकून ठेवले. मठ पंजाबात, पेशावरापर्यंत पसरले, पोथ्या तिथे जपल्या गेल्या, आणि महाराष्ट्रातल्या बाहेरच्या वाचकाला मात्र त्या मराठी असूनही अक्षर लागेना. 1910 च्या सुमारास राजवाड्यांनी ही लिपी उलगडली. हरि नारायण नेने यांनी 1930 च्या दशकात लीळाचरित्र छापले, विष्णु भिकाजी कोलते यांची प्रत 1978 मध्ये आली. म्हणजे मराठीतला आद्य गद्यग्रंथ सर्वसाधारण वाचकाला मिळून अजून शंभर वर्षेही झालेली नाहीत. त्यावरचे आपले पुष्कळसे निष्कर्ष घाईचे असण्याचा संभव आहे, हे अभ्यासकाने सतत ध्यानात ठेवावे.

भाषेची हत्यारे तर त्याहून नवी. शं. गो. तुळपुळे आणि ॲन फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश निघाला 1999 मध्ये, तुळपुळे गेल्यानंतर. मुख्यतः 1350 पर्यंतच्या ग्रंथांतले आणि कोरीव लेखांतले शब्द त्यात वापराच्या उदाहरणांसह आहेत. तो हाताशी न ठेवता लीळाचरित्र वाचणाऱ्याला अनेक ठिकाणी आजचा अर्थ जुन्या शब्दावर लादण्याचा मोह होतो.

आणखी एक साधन आहे, ज्याचा उपयोग आपण फार कमी करतो: ‘स्थानपोथी’. स्वामी जिथे जिथे राहिले, बसले, निजले त्या जागांची ही चौदाव्या शतकातली नोंद. कुठले देऊळ, दार कोणत्या दिशेला, पटीशाळा म्हणजे ओसरी कुठे, ओटा कुठे. राजे आणि लढाया यांच्या इतिहासाला जे कधी दिसत नाही ते यादवकालीन गावाचे अंग इथे दिसते. रा. चिं. ढेरे यांनी विठ्ठलाचा शोध घेताना स्थलमाहात्म्ये, शिलालेख आणि धनगरांच्या परंपरा एकत्र वाचल्या. ग्रंथ एकटा वाचायचा नसतो, हे त्यांनी आपल्याला दाखवून दिले. तोच धडा इथे लागू करता येईल.

म्हणून तरुण अभ्यासकांना माझी कळकळीची विनंती आहे. पोथ्यांची छायाचित्रे घेण्याचे काम ठिकठिकाणी चालले आहे, ते व्हायलाच हवे. पण संपादन करताना ‘उत्तम पाठ’ वर आणि बाकी सगळे बारीक टाइपात खाली, ही सवय आता सोडावी. वेगवेगळ्या आम्नायांनी, म्हणजे पंथातल्या शाखांनी, एकच लीळा वेगळी का सांगितली, कुणी कुठला तपशील जपला आणि कुठला सोडला, हाच त्या त्या समाजाचा इतिहास आहे. सुरुवात एका गावापासून करावी. पैठण घ्या. तिथल्या सगळ्या लीळा, त्यांच्या सगळ्या वासना, आणि स्थानपोथीतल्या तिथल्या नोंदी समोरासमोर मांडा, आणि मग पोथी हातात घेऊन त्या जागा चालून पाहा. नोंद आणि जमीन जुळत नसेल तिथे थांबा. कामाला तिथून लागायचे आहे.