प्रडेरी: आईच्या तोंडून निघालेलं नाव

नमस्कार श्रोतेहो. वेल्समध्ये मुलाला क्वचितच ठेवलं जाणारं एक नाव आहे, प्रडेरी. म्हणताना जोर 'डे'वर द्यायचा. वेल्श भाषेत 'प्रडेर' म्हणजे चिंता, काळजी. लेकराचं नाव कुणी असं ठेवेल का? मलाही हाच प्रश्न पडला होता. उत्तर मिळालं माबिनोगीत. या मध्ययुगीन वेल्श कथेच्या चार शाखा आहेत आणि चारही शाखांत भेटणारा हा एकटाच.

नैऋत्य वेल्समधल्या डवेडचा राजा पुइल आणि राणी ऱ्हियानन. आर्बर्थच्या वाड्यात राणीला मुलगा झाला. राखणीला बसलेल्या सहा बायकांचा डोळा लागला, आणि पहाटे बघतात तर बाळ नाही! जिवाच्या भीतीने त्यांनी कुत्रीची पिल्लं मारली, झोपलेल्या राणीच्या तोंडाला रक्त फासलं, पुढ्यात हाडं टाकली. म्हणाल्या, पोर हिनेच मारलं. शिक्षा सात वर्षांची. घोड्यावर चढायच्या दगडापाशी बसायचं, येणाऱ्या परक्या माणसाला आपली हकिगत सांगायची, वर 'चला, पाठीवर बसवून नेते' म्हणायचं. तिच्या पाठीवर बसायला मात्र क्वचितच कुणी धजलं.

तिकडे आग्नेय वेल्समधल्या ग्वेंटचा सरदार तैर्नॉन याला दाराशी रेशमात गुंडाळलेलं बाळ सापडलं होतं. नवराबायकोने ते पोटच्या पोरासारखं वाढवलं आणि केस सोनेरी म्हणून 'सोनेरी केसांचा ग्वरी' अशी हाक मारली. तैर्नॉन पूर्वी पुइलच्या पदरी होता. पोराचा तोंडावळा ओळखीचा वाटू लागला, तसा तो त्याला घेऊन आर्बर्थला आला. दगडापाशी बसलेली राणी उठली, पाठ पुढे केली. तैर्नॉन नको म्हणाला. पोरगाही म्हणाला, मी नाही बसणार.

जेवणाच्या पंक्तीत सगळा उलगडा झाला, तेव्हा ऱ्हियानन एवढंच बोलली: हे खरं असेल तर माझा घोर मिटला. घोर, म्हणजे तिच्या भाषेत 'प्रडेर'. पेंडारान नावाच्या सरदाराने तो शब्द झेलला: बाई, नाव तुम्हीच ठेवलंत, प्रडेरी! ग्वरी हे नाव जास्त शोभेल का, अशी शंका राणीनेच काढली. पण पुइलने निकाल दिला की लेकाची शुभवार्ता ऐकताना आईच्या तोंडी आलेला शब्द हेच त्याचं नाव. मला तो 'घोर' शब्दच जवळचा वाटतो. चिंता डोक्यात असते, घोर जिवाला लागतो.

निघताना तैर्नॉनपुढे उत्तम घोडे, जवाहीर, शिकारी कुत्रे ठेवले. त्याने एकालाही हात लावला नाही. ग्वरीला मागे ठेवून तो घरी परतला.